समोरच्या पायाखालची पाचर

आप्पा, तुमची रेडियल करवत उद्या दसऱ्याला पुन्हा सुरू होणार आहे. आज खंडेनवमी. तुमचा लेक, माझा धाकटा भाऊ, सकाळपासून शेडमध्ये आहे, ताडपत्री काढून आठ दिवस झाले, बिडाच्या खांबावरचा गंज घासून त्यानं हिरवा रंग दिलाय, नवा पट्टा घातलाय, खाली नवं काँक्रीट ओतून घेतलंय आणि त्यावर यंत्र पाणसळ लावून अगदी तंतोतंत सपाट बसवलंय. समोरच्या पायाखालची तुमची बाभळीची पाचर त्यानं काढून अंघोळीच्या चुलीपुढच्या जळणात टाकली. ती मी काल शोधून आणली. आत्ता माझ्यासमोर आहे, ग्रीस पिऊन काळी झालेली, एका टोकाला माझ्या घणाचे घाव असलेली. उद्या सकाळी तो यंत्रासमोर उभा राहायच्या आत मला त्याला एक गोष्ट सांगायची आहे, आणि गेले आठ दिवस माझी जीभ उचलत नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगते. तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. तुम्ही रागावलात तरी मला ऐकू येणार नाही, एवढ्या भरवशावर हे लिहितेय, असली मी भित्री.

कोयनानगरपासून सुरुवात करते, कारण पाचरीची गोष्ट तिथं सुरू होते. धरणाच्या वसाहतीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं? मांडणीवरची ताटं आधी बोलायची. भूकंप कळायच्या आधी ताटं कळायची, किणकिण सुरू झाली की आई तवा तसाच टाकून आम्हा दोघांना बखोटीला धरून अंगणात. सगळ्या खोल्यांतले बाप आपापल्या घराकडे पळत यायचे आणि तुम्ही मात्र घरातून सुतारकामाच्या कारखान्याकडे पळायचात. आई म्हणायची, ह्या माणसाला लेकरांपेक्षा करवतीची काळजी जास्त. मला तेव्हा लय राग यायचा. पुढं मोठी झाल्यावर तुम्ही सांगितलंत की एकदा अशाच एका धक्क्यानंतर कारखान्याची फरशी बोटभर खचली, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी रेडियल चालू असताना पातं आपल्या आपण पुढं आलं. तुम्ही बाजूला उभे होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून तुमचा भुईवर विश्वास राहिला नाही.

शेजारच्या बायका मला विचारायच्या, एवढं काय त्या यंत्राचं. मी त्यांना सांगायची, बाकीच्या करवतींत पातं जागेवर असतं आणि माणूस लाकूड पुढं ढकलतो. हिच्यात लाकूड गप पडून राहतं आणि पातं चालत येतं. मागं बिडाचा खांब, खांबातून पुढं आलेला पुरुषभर लांबीचा हात, हाताच्या खाली रुळावर चाकांनी लोंबणारा गाडा, गाड्यावर मोटर आणि दोन फुटी पातं. मूठ धरून गाडा आपल्याकडे आणायचा, वासा तुटला की मागं ढकलायचा. धरणाच्या कामाला सहा-सहा इंची वासे ती काकडीसारखे तोडायची. पण तिची खोड अशी की लाकडात शिरलेलं पातं लाकडाला धरून स्वतःच आपल्या अंगावर धावत येतं. म्हणून तुम्ही शिकवायचात ते ओढायला नाही, अडवायला. कोपर ताठ ठेव, तिला वाटलं पाहिजे की समोर कुणीतरी आहे. हे तुम्ही धाकट्याला शिकवत होता, मी पाटावर बसून हिशेबाच्या वहीला रेघा मारत ऐकत होते. मला कुणी शिकवलं नाही, तरी मला सगळं येत होतं.

प्रकल्पानं जुनी यंत्रं लिलावात काढली तेव्हा तुम्ही ती घेतलीत आणि नोकरी सोडून आपण कडेगावला आलो. घाटातून ट्रक उतरताना तुम्ही पुढं केबिनमध्ये नाही, मागं हौद्यात तिच्या खांबाला धरून बसला होता, हे आई मरेपर्यंत सांगायची. शेड बांधली, भुई पक्की होती, तरी तुम्ही बाभळीची पाचर तासलीत आणि समोरच्या पायाखाली घण मारून बसवलीत. समोरची बाजू केसभर वर, म्हणजे हाताला मागं उतार, म्हणजे सोडलेला गाडा आपोआप खांबाकडे जाऊन उभा राहणार. रोज सकाळी तुम्ही मोटर चालू करायचात, गाडा मध्यावर आणून सोडायचात आणि बाजूला उभं राहून बघायचात. गाडा मागं गेला की मगच वाशाला हात. एकदा मी, चौदा-पंधराची असेन, त्या पाचरीवर पाय देऊन उभी होते तर तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात. तुम्ही मला एरवी कधी मारलं नाही. म्हणालात, "त्या पाचरीच्या जिवावर मी ह्यात हात घालतो, पोरी. तिला पायबी लावायचा न्हाई आन् हातबी."

वर्षातून एक दिवस मात्र तुम्ही गाडा सोडून बघत नव्हता, तो दसऱ्याचा. आदल्या दिवशी खंडेनवमीला यंत्राची पूजा, त्या दिवशी बटणाला हात नाही, आणि दसऱ्याला सकाळी गाड्यावरचा झेंडूचा हार तसाच ठेवून पहिला तुकडा तोडायचा. एकदा धाकट्यानं विचारलं होतं की आज का नाही बघत. तुम्ही म्हणालात, काल जिला देव म्हणून हात जोडले तिची आज परीक्षा घ्यायची व्हय. मला ते तेव्हा फार शोभून दिसलं. त्या पहिल्या तुकड्याचं दरवर्षी तुम्ही घरासाठी काहीतरी करायचात. आईला पोळपाट, देवाला चौरंग. मी अकरावीत गेले त्या वर्षी मला लिहायला उतरतं मेज केलंत, मांडीवर घ्यायचं. ते अजून आहे. हे त्यावरच लिहितेय.

आता ती खंडेनवमी. मी बावीसची, धाकटा विसाचा. नऊ दिवसांचा उपास, डोकं तापलेलं, आणि मला त्या वर्षी शेड अशी चकाचक करायची होती की येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघत राहावं. भुसा काढला, जाळी काढली, फरशी सोड्यानं घासली. समोरच्या पायाखाली ती काळी, तेलकट पाचर. तिच्याभोवतीचा डाग निघेना. मी घण घेतला, बाजूनं चार ठोके घातले, निघाली. मला माहीत नव्हतं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं, आप्पा. मला माहीत होतं. धपाटासुद्धा आठवत होता. फक्त फरशी वाळेपर्यंत, असं मी मनाशी म्हटलं आणि ती कोपऱ्यात टाकली. मग फरशी वाळली तसा मी तिथं रांगोळीचा गालिचा काढला, पायाला खेटून, मोर आणि कमळं, सात रंग. तीन तास लागले. पाचर आठवली तेव्हा रांगोळी पूर्ण झाली होती. घालायची तर मोडावी लागणार. तेवढ्यात तुम्ही आलात, चपला बाहेर काढल्यात, बघत उभे राहिलात आणि म्हणालात, "कोयनेला सायबाच्या बंगल्यातबी असली रांगोळी बघितली न्हाई मी." झालं. मी ती कशी मोडणार होते? उद्या पहिला तुकडा निघायच्या आधी गुपचूप घालू, असं ठरवून मी नैवेद्याच्या मागं लागले.

दसऱ्याला सकाळी मी पुरण वाटत होते. हात कोपरापर्यंत पुरणात. शेडमधून मोटरचा आवाज आला. मला आठवलं. एवढं सांगायचं तर हेही सांगते, ओरडायला वेळ होता. मोटर वेग धरायला पाच-सहा सेकंद घ्यायची, मग तुम्ही वासा सरळ करायचात, मग मूठ धरायचात. पंधरा पावलांवर शेड. मी तोंड उघडलं होतं. पण सणाच्या दिवशी, चार माणसांसमोर तुम्ही काय बोलाल, रांगोळीपायी पाचर काढली हे कळल्यावर गावभर कसं हसं होईल, हे आधी डोक्यात आलं. आणि वाटलं, एकच तर तुकडा आहे. वासा तुटल्याचा आवाज आला. पातं मागं गेल्याचा आवाज आला. मी देवाला हात जोडायला उठले तशी त्या रिकाम्या फिरणाऱ्या पात्याचा आवाज मध्येच बारीक झाला, अगदी थोडा वेळ, आणि मग धाकट्याची किंकाळी. तुमची नाही. तुम्ही ओरडलाच नाहीत. गाडा मागं ढकलून तुम्ही मूठ सोडली होती आणि तुटलेला तुकडा उचलायला उजवा हात पुढं केला होता.

उजव्या हाताची चार बोटं. अंगठा तेवढा राहिला. धाकट्यानं अंगातला नवा सदरा काढून हाताला गुंडाळला आणि तुम्हाला जीपमध्ये घालून कऱ्हाडला नेलं. दुपारी आईनं मला तिथून परत धाडलं, चादरी आणि तांब्या-भांडं आणायला. घरी कुणी नव्हतं. मी चादरी घ्यायच्या आधी शेडमध्ये गेले. रांगोळी पायांनी विस्कटलेली होती, आता मोडायचं काही राहिलंच नव्हतं. मी कोपऱ्यातली पाचर घेतली आणि घणानं परत ठोकली. घाईत ती उलट्या बाजूनं शिरली, पण बसली. गाडा मध्यावर आणून सोडला, मागं गेला. मग मी हात धुतले, चादरी घेतल्या आणि कऱ्हाडच्या एसटीत बसले. काढली तेव्हा मी मूर्ख होते. परत ठोकली तेव्हा मी काय होते, त्याला मला शब्द सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे दोघं-तिघं सुतार यंत्र बघायला आले. मोटर लावली, गाडा सोडला, तो शहाण्यासारखा मागं गेला. यंत्रात दोष नाही. मग एकानं रुळाला बोट लावलं तर तेल. खंडेनवमीला धाकट्यानं हौसेनं रुळाला तेल घातलं होतं, जरा जास्तच, त्याचा हात नेहमीच सढळ. खांबाला आपटून उसळलेला गाडा तेलावरून घसरत पुढं आला, असं सगळ्यांनी ठरवलं. तुम्हाला दवाखान्यात कुणीतरी सांगितलं. धाकटा खाटेच्या पायथ्याशी उभा होता, मी उशाशी. तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणालात, "त्याला म्हणावं, माझ्या यंत्राला पुन्हा हात लावू नगंस." मी तिथं बोलायला पाहिजे होतं. आई रडत होती, तो भिंतीकडे बघत होता, आणि मी तुमच्या उशाखालची चादर सारखी करत होते. महिन्याभरात तो भरतीला गेला आणि फौजेत लागला.

यंत्रावर ताडपत्री पडली. तुम्ही शेडच्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकलं नाहीत आणि मला, लाज वाटते, त्याचं बरं वाटायचं. शेजाऱ्यांना कळलं नाही तरी उलटी ठोकलेली पाचर तुम्हाला एका नजरेत कळली असती. मी अंगणवाडीत लागले. तुमचं लिहिणं माझ्याकडे आलं. बँकेत तुम्ही अंगठा लावायचात, वाचता-लिहिता येणारा माणूस, आणि कारकून नवा असला की शाईची डबी पुढं सरकवत तुमच्याकडे ज्या नजरेनं बघायचा ती मला अजून दिसते. स्थळं आली, मी नाही म्हणाले. लोक म्हणायचे पोरीनं बापासाठी जन्म काढला. मी ऐकून घ्यायची. धाकटा सुट्टीवर यायचा, दोन दिवस राहायचा, तुमच्या पाया पडायचा, तुम्ही "हं" म्हणायचात आणि उरलेलं बोलणं माझ्यामार्फत. त्याला म्हणावं जेवून घे. आप्पांना सांग औषध आणलंय. आठ वर्षं असं चाललं. तुम्ही गेलात तेव्हा तो वरच्या सरहद्दीवर होता, तिसऱ्या दिवशी पोचला.

त्याचं एक तुम्हाला माहीत नाही. फौजेत त्याला गाड्यांच्या दुरुस्तीवर घालत होते, त्यानं हातापाया पडून भांडारात नेमणूक मागून घेतली. लग्न झालं, घर बांधलं, त्या घरात एकही दार आवाज केल्याशिवाय उघडत नाही. बिजागऱ्या रडतात, झोपाळा रडतो, सायकलची साखळी करकरते. बायकोनं शिवणयंत्राला तेल घालायला घेतलं तर हातातून बाटली काढून घेतो. आम्ही त्याला चिडवायचो, फौजेनं तुला तेलाची बंदी केलीय काय. तो हसायचा. तुमची सून एकदा मला म्हणाली, आक्का, ह्यांचं काय तरी हाय तेलाचं, तुमाला ठावं हाय का. मी म्हणाले, असंल कसलं तरी खूळ. आणि घरी येऊन दिवसभर जेवले नाही.

आता तो पेन्शनीवर आलाय, दोन वर्षं झाली. उसाच्या ट्रॉल्यांच्या फळ्या तोडायचं काम धरायचं म्हणतो. पण ते वरवरचं. मला म्हणाला, आप्पांचं यंत्र माझ्यामुळं बंद पडलं, ते चालू केल्याबिगर मला बरं वाटायचं न्हाई. आणि चालू करतोय कसं, तर रूळ कोरडे ठणठणीत ठेवून आणि यंत्र सपाट बसवून. मी आठ दिवस त्याच्या मागं लागले. पाचर घाल म्हटलं. तर पाणसळ दाखवतो, "ह्यो बुडबुडा बघ. मध्यात हाय का न्हाई? लाकडाच्या ढलप्या लावून यंत्र बसवायचं दिवस गेलं, आक्का." उतार लागतो म्हटलं. तर म्हणाला, उतार हुताच की तवा, काय झालं? माझ्या तोंडावर त्यानं माझीच करणी मारली आणि त्याला पत्ताही नाही. पाचर होती असं त्याला वाटतं, म्हणून पाचरीवर त्याचा विश्वास नाही. ती नव्हती, हे सांगितल्याशिवाय तो ती घालणार नाही. आणि त्यानं दसऱ्याला गाडा सोडून बघायचा नाही ही तुमची रीतही पाळायचं ठरवलंय. उद्या सकाळी हार घातलेली रेडियल, मोटर चालू, तो मूठ सोडणार आणि हात पुढं करणार. आप्पा, मला काही खोटं सुचत नाही. सगळी खोटी वापरून झाली. मी त्याला सांगितलं तर उरलेल्या आयुष्यात तो माझं तोंड बघणार नाही, आणि मला दुसरं कोण आहे? नाही सांगितलं तर तोच हात, तेच यंत्र, आणि ह्या वेळी मी पुरण न वाटता समोर उभी असणार. मी हे मेज खाली ठेवते आणि जाते. बसून राहिले तर पुन्हा जाणार नाही.

जाऊन आले.

तो पात्याला हळदीकुंकू लावत होता. मला बघून म्हणाला, ये, रांगोळी काढ, तुझ्यासारखी कुणाला येत न्हाई. मी पाचर टेबलावर ठेवली. त्यानं तोंड वाकडं केलं आणि पाणसळ घ्यायला हात घातला. मी म्हटलं, "त्या दिवशी ही पायाखाली नव्हती. खंडेनवमीला मी काढली हुती, रांगोळीसाठी. तुम्ही कऱ्हाडला हुता तवा दुपारी मीच परत ठोकली. तुझ्या तेलानं काय झालं न्हाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मला हातानं बाजूला सारलं, गाडा मध्यावर आणून सोडला. सपाट यंत्र, कोरडा रूळ, गाडा जागेवर उभा. मग त्यानं बटण दाबलं. खंडेनवमीला यंत्र चालवत नाहीत हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मोटरनं वेग धरला, सगळा खांब थरथरायला लागला, आणि गाडा हलला. आधी बोटभर. मग थांबून आणखी बोटभर. कुणी धरलेलं नाही, कुणी ओढलेलं नाही, तेलाचा थेंब नाही, आणि ते दोन फुटी पातं फिरत फिरत रिकाम्या टेबलावरून आमच्याकडे येत राहिलं. यंत्राचा हात संपला तिथं अडसराला टेकून थांबलं. त्यानं बटण बंद केलं. पातं थांबायला वेळ लागतो, तोवर आम्ही दोघं उभे होतो.

"तीस वर्सं," एवढंच तो म्हणाला. मग बाहेर जाऊन शेवग्याखाली दगडावर बसला, पाठ माझ्याकडे. मी दारात उभी. त्याची बायको चहा घेऊन आली, त्यानं घेतला नाही. तासाभरानं उठला, घण घेतला, पहार लावून समोरचा पाय उचलला आणि पाचर घातली. सरळ बाजूनं. गाडा सोडून बघितला, मोटर लावून पुन्हा बघितला, तीनदा. दरवेळी तो मागं जाऊन खांबाला टेकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरात मशीनचं तेल हाय का?" त्याच्या बायकोनं धावत जाऊन आणलं. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं आणि रुळाला तेल घातलं, पहिल्यासारखंच, जरा जास्त. फडक्यानं पुसत होता, पुसतच राहिला. माझ्याशी बोलेल की नाही मला माहीत नव्हतं, मी परत फिरले होते, तेवढ्यात त्यानं विचारलं.

"आप्पांनी शेवटाला माझं नाव काढलं हुतं का?"

"काढलं हुतं," मी म्हटलं. "ये म्हणाले हुते."

"मग कळवायचं हुतंस गं."

"तू लांब हुतास," मी म्हटलं, आणि घरात आले.

एवढं सगळं सांगितलं आणि हे एक राहिलं. त्या शेवटच्या पावसाळ्यात, भुश्यानं तुमची छाती भरलेली, दम पुरत नव्हता, तुम्ही मला आंतरदेशीय पत्र घेऊन बसवलंत. ह्याच मेजावर मी ते लिहिलं. तेलाचं मनातनं काढून टाक, मी पण काढलं. एक महिन्याची सुट्टी घेऊन ये, दोघं मिळून यंत्र उघडू, मी बाजूला बसून सांगतो. खाली तुम्ही अंगठा उठवलात, त्याला तो ओळखू येईल म्हणालात. दोघं मिळून यंत्र उघडू, हे वाक्य लिहितानाच मला ती उलटी पाचर दिसायला लागली होती. पेटीच्या तळाला, वर्तमानपत्राच्या खाली ते पत्र तसंच आहे, चिकटवलेलं. आज त्याला ते आणून देता आलं असतं, पेटी चार पावलांवर आहे, आणि मी दिलं नाही. तुम्ही रोज दुपारी खाटेवरून विचारायचात, पोस्टमन आला का गं, त्याचं काय आलं का. मी नाही म्हणायची. तेवढं एकच मी तुम्हाला खरं सांगितलं.